लाखोरीवर उभी राहिलेली पिल्लं

माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांट्यांचं मला कधीच नीट कळलं नाही. पहिली कुठे द्यायची आणि दुसरी कुठे, हे गुरुजी शिकवत होते तेव्हा मी आईबरोबर धानाच्या रोवणीला जात होते. त्यामुळे ते अर्धंच कानावर पडलं. चौथी झाली आणि शाळा सुटली. कोणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. माझी मुलगी म्हणते, आई, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी तिला म्हटलं, कोंबडीचे नाही, राजहंसाचे. कोंबडीची बोटं सुटी असतात, माझी अक्षरं एकमेकांना चिकटलेली असतात.

मी फारशी बोलत नाही. चार बायका जमल्या की माझा घसा कोरडा पडतो. नळावरही मी सगळ्यांच्या नंतर जाते. लिहिताना मात्र समोर कोणी तोंडाकडे पाहत नसतं, म्हणून बरं वाटतं. आणि राजहंसाच्या पिल्लांचं कुठेतरी लिहून ठेवावं असं पुष्कळ दिवस मनात होतं.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या बाजूचं. घरात सासू, मी आणि मुलगी. नवरा वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतो. रोज मोटारसायकलवर येणं-जाणं परवडत नाही, म्हणून आठवडाभर तिथेच आपल्या धाकट्या बहिणीकडे राहतो आणि सुट्टीला घरी येतो. ही माझी नणंद म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात मोकळी बाई. मी जितकी गप्प, तितकी ती बोलकी. ती साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते, पण तेव्हा तिची स्वतःची मशीन नव्हती. शेजारणीच्या मशीनवर दुपारी बसायची आणि शिलाईतले अर्धे पैसे शेजारणीला द्यायची.

माझं माहेर लाखनीकडे. तिकडे जाताना हायवेला लागून एक राईस मिल आहे. तिच्या फाटकात राजहंस फिरत असायचे. आमच्याकडे लोक त्यांना मोठी बतखच म्हणतात. कोणी अनोळखी माणूस आत शिरला की मान लांब करून असे ओरडायचे की ट्रकवाला सुद्धा हॉर्न विसरून जाईल. मला ते फार आवडायचे. एकदा मी धीर करून चौकीदाराच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, मादी खुडूक बसली आहे, पिल्लं निघाली की विकायची आहेत. मोठे झाले की लोक स्वतः शोधत येतात. शेतावर ठेवतात, साप जवळ येत नाही, चोर येत नाही.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. कोंबड्या मी पाळल्या होत्या, पण कोंबडी विकायला बाजारात बसावं लागतं, गिऱ्हाईक बोलवावं लागतं. राजहंसाचं तसं नाही. तो स्वतःच ओरडतो. मला वाटलं, हा माझ्यासारखीचा धंदा आहे.

पैसे नव्हते. नवऱ्याने सुट्टीला आल्यावर ऐकलं आणि हसला. वरठीला जाऊन त्याने ते बहिणीला गंमत म्हणून सांगितलं. तिने मात्र गंमत म्हणून घेतलं नाही. पुढच्या सुट्टीला त्याच्यामागे बसून आली आणि मशीनसाठी साठवलेले पैसे माझ्या हातात ठेवले. मी घ्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, ताई, मशीन?

“मशीन काय दुकानातून पळून जाऊन राहिली का?” ती म्हणाली. “तुमचे पाखरं मोठे झाले की देजा. तोपर्यंत मी दुसरीच्या मशीनवर पाय मारतो.”

आमच्या नात्यात पैशाचा व्यवहार कधी झाला नव्हता. ती गेल्यावर मी ते पैसे तांदळाच्या कोठीत ठेवले, मग काढून पेटीत ठेवले, मग पुन्हा कोठीत. ते माझ्या घरात आहेत म्हणजे तिची मशीन माझ्या घरात आहे, असं मला वाटत होतं.

माघ लागला तेव्हा पिल्लं निघाल्याचा निरोप आला. मी झाकणाची टोपली घेऊन गेले आणि दहा पिल्लं घेऊन बसमध्ये बसले. पिवळी-राखाडी, मऊ, पिंजलेल्या कापसासारखी. टोपलीत जरा अंधार झाला की सगळी मिळून चिवचिवायची. सगळी बस मागे वळून पाहू लागली. कंडक्टर आला, टोपलीकडे बघून म्हणाला, “बाई, तिकीट एक काढू का अकरा?” लोक हसले. मी पदर टोपलीवर ओढला आणि गावापर्यंत खिडकीच्या बाहेर पाहत राहिले.

सासूने अंगणात टोपलीचं झाकण काढून पाहिलं. “हिच्या तोंडात जबान नाही,” शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणाली, “म्हणून गावभर बोंबलणारे आणले.” पण शेगडी तिनेच पेटवली.

राजहंसाचं पिल्लू दिसायला मोठं असलं तरी आतून फार नाजूक असतं. त्याला थंडी लागली की ते बाकीच्यांच्या खाली शिरतं, मग बाकीचे त्याच्यावर चढतात आणि खालचं गुदमरतं. मी पडवीच्या कोपऱ्यात चार फळ्यांचं खोपटं केलं, वर बल्ब टांगला. पिल्लं बल्बाच्या खाली दाटी करून बसली तर समजायचं थंडी आहे, बल्बापासून लांब पळाली तर समजायचं गरम होतंय. मग दोरी वर-खाली करायची. लाईट गेली की शेगडीत निखारे घालून वर उलटं घमेलं ठेवायचं आणि ते जवळ सरकवायचं. ती घमेल्याला टेकून झोपायची.

पाण्याचं मला चौकीदाराच्या बायकोने बजावून सांगितलं होतं. बतखीची जात आहे म्हणून पाण्यात सोडू नको. आईच्या पंखाखाली असतात तेव्हा तिच्या अंगाचं तेल त्यांना लागतं, इथे तेल कोण देणार. भिजली की मरतात. म्हणून मी पसरट थाळीत पाणी ठेवायचे आणि मधे नदीचे गोटे. चोच बुडेल, नाक धुता येईल, पण अंग बुडणार नाही. तरी एक जण रोज गोट्यावर चढून बसायचा.

आणि ती मला आई समजू लागली. मी न्हाणीकडे निघाले की दहा जणं माझ्यामागे. मी चुलीपाशी बसले की चुलीपाशी. एकदा दळण आणायला जाताना मी मागचं दार ओढून घ्यायला विसरले, तर गावाच्या मधल्या रस्त्याने ती माझ्यामागे एका ओळीत. विहारासमोर म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीने मला जयभीम घातला आणि विचारलं, वरात कोणाची आहे? जिला नळावर कोणी ओळखत नव्हतं तिला त्या दिवशी सगळ्या गावाने पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर घरी आल्यावर मला हसू आवरेना.

खाण्याचं मी फार जपून करत होते. आमच्याकडे धान असतं, म्हणून कनकी घरचीच. तीच तुटक्या तांदळाची कनकी मी पिल्लांना भिजवून द्यायचे. धान भरडायच्या गिरणीतून आलेली कनकी कोंढ्यात मिसळलेली असते. लहान जीव आहेत, घशात कोंढा अडकायला नको, म्हणून मी ती पाखडून पाखडून कोंढ्याचा कणही ठेवत नव्हते. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची. तान्ह्या बाळाला पेज करावी तसं. वर चवीपुरती लाखोरी.

लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, आमच्याकडे सगळ्यांकडे असते. धान कापायच्या आधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओल असतानाच ती उभ्या धानात फेकतात. धान निघालं की तीच खाली हिरवीगार पसरते. कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, उरलेले वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायचे. आमची खालची बांधी ओलीची होती, तिथे माघातही लाखोरी कोवळी होती. मी शेंडे बारीक चिरून कनकीवर चिमूटभर टाकायचे. पिल्लं आधी हिरवं वेचून खायची, मग नाइलाजाने कनकी. मुलं आधी गूळ खातात तसं.

मग एका सकाळी एक पिल्लू उठलं नाही. बाकीची थाळीकडे धावली, ते गुडघ्यावर बसून पंख हलवत राहिलं. मी उचलून उभं केलं, तर पाय दोन्ही बाजूंना गेले. चोच वाजवत होतं, डोळे चांगले होते, भूक होती. फक्त पाय नव्हते. दुपारपर्यंत दुसरंही तसंच बसलं.

सासू विळा बाजूला ठेवून आली. वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

“काय खाऊ घालून राहिली यायले?”

मी म्हटलं, कनकी. आणि वर थोडी लाखोरी.

“लाखोरीनं पाय जातेत, बाई,” ती म्हणाली. “तुले कोणी सांगितलं नाही का?”

सांगितलं होतं. आमच्याकडे हे कोणाला माहीत नाही असं नाही. मधे कित्येक वर्षं लाखोरीची डाळ विकायला बंदी होती. भाजी सगळे खातात, डाळही गुपचूप खायचे, पण मनात ती भीती असतेच. सासूच्या माहेरी, तिच्या लहानपणी, दुष्काळात मजुरीला पैसे नाही मिळायचे, लाखोरी मिळायची. घरात दुसरं काही नसायचं म्हणून तिन्ही वेळा तीच. तिच्या घरासमोरचा एक माणूस, चांगला उंचापुरा, पुढच्या वर्षी दोन काठ्यांवर चालू लागला आणि मरेपर्यंत तसाच चालला. हे सांगताना ती आपल्या स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवत होती. ती मला रागावत नव्हती. ती घाबरली होती.

मी ती लाखोरी उचलून म्हशीपुढे टाकली. चिमूटभरही ठेवली नाही. पिल्लांना आता फक्त कनकी, आणि ती आधीपेक्षा जास्त धुतलेली. पोटातली लाखोरी निघून जाऊ दे, पाय परत येतील, असं मला वाटत होतं.

पाय आले नाहीत. रोज एखादं नवं बसू लागलं. आधी बसलेल्यांपैकी एक मेलं, आणि मग आणखी एक, बाकीच्यांच्या खाली दबून, कारण त्याला सरकता आलं नाही. मी त्यांना फणसाखाली पुरलं. सासू म्हणाली, जितकी खाल्ली होती तितकी भोगावी लागेल. मला मशीनचा आवाज ऐकू येत होता, शेजारणीच्या मशीनचा, जिच्यावर माझी नणंद अर्ध्या पैशाने पाय मारत होती. दहा पिल्लांवर मशीन होती. दोन गेली. पाच बसली होती. तीन अजून चालत होती, पण त्यातलीही दोन डगमगत होती. फक्त एक, तोच गोट्यावर चढून बसणारा, जसाच्या तसा होता. मला वाटलं, याचं नशीब चांगलं.

त्या आठवड्याला नवरा आला तो बहिणीला घेऊनच. तिला पिल्लं पाहायची होती. मोटारसायकलचा आवाज ऐकून मी खोपट्यावर पोतं टाकलं. का टाकलं, मलाही सांगता येणार नाही. तिने चप्पल काढली, पाणी प्याली आणि सरळ जाऊन पोतं उचललं.

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नव्हते. “ताई, तुमची मशीन मरून राहिली,” मी म्हटलं आणि रडायला लागले.

ती खाली बसली. एक पिल्लू उचललं, उलटं करून मांडीवर ठेवलं आणि त्याचे पाय धरून मागे-पुढे करून पाहिले. मशीन बिघडल्यावर ती जशी पाहते, तसंच. पाय कुठे मोडलेला नव्हता, सुजलेला नव्हता.

“मशीन साबूत आहे, वयनी,” ती म्हणाली. “याचा फक्त पायडल ढिला झाला.”

माझं रडणं थांबलं. नवरा हसला, सासूही हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण घरात इतक्या दिवसांत कोणी हसलं नव्हतं.

नणंद त्या रात्री राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोपटं झाडत होते आणि ती तिथेच चहा घेऊन बसली होती. मी रोज झाडत होते आणि मला जे दिसलं नाही ते तिला दिसलं. ती म्हणाली, या एकाची शी हिरवी काहून आहे? बाकी सगळ्यांची पांढरी. मी पाहिलं. खरंच होतं. आम्ही हिरवं तर काहीच देत नव्हतो.

आम्ही दोघी काम सोडून त्या गोटेवाल्याकडे पाहत बसलो. ऊन वर आलं तसा तो थाळीपाशी आला, कनकीत चोच घालून बाहेर काढली, झटकली, आणि पडवीच्या टोकाला कुंपणाच्या कुपाटीत जिथे एक काटेरी फांदी वाळून खाली आली होती तिथून अंग चोरून पलीकडे गेला. आम्ही दारातून बाहेर पडून त्याच्यामागे. तो पाटाच्या कडेने, कोणी पाहत नाही असं समजून, खालच्या बांधीत उतरला. आमच्याच बांधीत. आणि लाखोरीत शिरून दोन्ही बाजूंनी तोडून तोडून खाऊ लागला. मानेपर्यंत हिरव्यात होता. तो रोज जात असणार, आणि थंडी पडायच्या आत बल्बाखाली परत येत असणार. मी पिल्लं फक्त संध्याकाळी मोजत होते.

नणंद बांधावर उकिडवी बसली. ज्याने लाखोरी सोडली नाही तोच उभा होता.

तिने मला सांगितलं की आता अड्याळला जनावरांच्या दवाखान्यात जा. मी म्हटलं, तुम्ही चला. मला डॉक्टरसमोर बोलता येणार नाही. ती म्हणाली की बसलेल्यांना दर थोड्या वेळाने पाणी पाजावं लागतं, इथे कोणीतरी पाहिजे.

“तुम्ही बोलान,” ती म्हणाली. “नाहीच बोलता आलं तर पिशवी उघडजा. ते बोलतील.”

मी एक बसलेलं पिल्लू आणि तो गोटेवाला, दोघांना कापडी पिशवीत घेतलं आणि गेले. वाटभर मी एकच वाक्य म्हणत होते. डॉक्टरसाहेब, पिल्लांचे पाय गेले. डॉक्टरसाहेब, पिल्लांचे पाय गेले. दवाखान्यात एक गोऱ्हा आणि शेळ्या आणलेली माणसं होती. मी भिंतीला लागून उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा पाहिलं, साहेब नव्हते, बाई होत्या. माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. माझं वाक्य साहेबांसाठी होतं, ते तिथेच अडकलं. त्यांनी काय झालं विचारलं.

मग मी पिशवी उघडली.

गोटेवाला उडी मारून बाहेर आला, टेबलावरून खाली, आणि मान लांब करून शेळ्यांवर धावून गेला. शेळ्या दोरी ओढू लागल्या. शिपाई त्याच्यामागे धावला, तो शिपायाच्या पायातून निघाला. त्याच्या आवाजात सगळा दवाखाना हसत होता, आणि डॉक्टरबाईही. मीही हसले, आणि हसता हसता माझा घसा मोकळा झाला. दुसऱ्याला मी टेबलावर ठेवलं, ते पाय फाकवून बसलं.

त्यांनी विचारलं, दोघांना वेगळं काय देता? मी म्हटलं, “दोघायले कनकीच. पण हे पळून जाते आणि लाखोरी खाते. त्याचे पाय जायला पाहिजे होते, तर ह्याचे गेले.”

त्यांनी कनकी कशी देता ते विचारलं. मी सगळं सांगितलं. पाखडते, कोंढा काढते, चांगली धुते, लाखोरी बंद केली. मी अभिमानाने सांगत होते. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“ताई, तुम्ही चांगलं काढून टाकलं आणि नुसतं पांढरं ठेवलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं. लाखोरीची जी भीती आहे ती दाण्याची, आणि तीही माणसाने दुसरं काही न खाता महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर. पिल्लाने थोडा कोवळा पाला खाल्ल्याने असं होत नाही. राजहंस मुळात गवत खाणारा. कोंबडीला जमेल, बतखीला थोडंफार जमेल, पण याला नुसत्या धुतलेल्या तांदळावर पायांत जोर येत नाही. जे जीवनसत्त्व पायांना लागतं ते कोंढ्यात आणि हिरव्यात असतं. हिरवं भरपूर द्या, पण एकटी लाखोरीच नको, दूब म्हणजे हरळी द्या, मेथी द्या. कनकी धुऊ नका, कोंढा राहू द्या. पाण्यात घालायला औषधाची बाटली दिली. आणि विचारलं, खाली काय अंथरता? मी म्हटलं, प्लॅस्टिकचं पोतं, स्वच्छ राहतं म्हणून. त्या म्हणाल्या, ते काढा, पाय घसरतात. धानाच्या पेंढ्याची तनीस टाका.

मी परत आले तेव्हा नणंद तशीच बसली होती, मांडीवर दोन पिल्लं घेऊन. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटतं त्या घरात मी एका वेळी इतकं कधीच बोलले नव्हते. सासू चुलीजवळून ऐकत होती. उठली, पदर खोचला आणि निघून गेली. मला वाटलं रागावली.

थोड्या वेळाने ती खालच्या बांधीतून आली. पदरात लाखोरीचे शेंडे आणि बांधावरची दूब. विळीवर बसून बारीक चिरायला लागली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “डॉक्टरणीकडे कायले गेली एवढ्या दूर? मलेच विचारलं असतं.”

नणंदेने तोंडाला पदर लावला. मी न्हाणीत जाऊन हसून घेतलं.

पहिलं पिल्लू उठलं ते सासूने पाहिलं. मी शेण काढत होते. तिने मला हाक मारली नाही. ती तिथेच उभी राहून हळू आवाजात त्याच्याशी बोलत होती, चाल, चाल माय, चाल. मी आले तेव्हा ते तनशीवर उभं होतं, थरथरत, कुठे जावं ते न कळून. दोन पावलं टाकून बसलं. मग पुन्हा उठलं. सासूने आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. समोरच्या घरातला तो माणूस तिला आठवला असेल. त्याच्यासाठी कोणी बाटली दिली नव्हती.

मग एकेक करून बाकीची उठली. एकाचा पाय थोडा आत वळलेला राहिला, पण तेही चाललं. आठ पिल्लं. रोज सकाळी खोपट्याचं दार काढायच्या आधी मी थांबून ऐकायचे. आत पायांचा चपचप आवाज आला की माझ्या छातीवरचं ओझं उतरायचं. पुष्कळ दिवस मी तो आवाज ऐकल्याशिवाय चहा ठेवला नाही.

पिसं आली तसं मी त्यांना बोडीवर नेऊ लागले. आमच्या गावची बोडी म्हणजे लहान तळं आहे, उन्हाळ्यात कमरेइतकंच पाणी राहतं. पहिल्या दिवशी ती काठावर उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली. मी साडी वर खोचून पाण्यात उतरले तेव्हा ती उतरली, आणि उतरल्यावर मला विसरली. मी एकटीच पाण्यात उभी होते. म्हशी धुणारा पोरगा मला म्हणाला, काकू, आता तुम्ही या बाहेर, त्यायले येते पोहता.

आणि मग ते ओरडू लागले. लहानपणीचा चिवचिवाट गेला, खरा आवाज आला. डाकवाला आला की ओरडत, फटफटी आली की ओरडत. शेजाऱ्यांनी थोडी कुरकुर केली, पण हायवेवरच्या ढाबेवाल्यापर्यंत बातमी गेली की अमक्या गावात राखण करणारे पाखरं आहेत. तो स्वतः आला. एक नर्सरीवाला आला. राईस मिलच्या चौकीदारानेही एक माणूस पाठवला.

भाव करताना मला पुन्हा घाम फुटला. ढाबेवाल्याने एक आकडा सांगितला. कमी आहे हे मला कळत होतं, पण कमी आहे असं म्हणता येईना. मी गप्प उभी राहिले. तो थोडा वेळ थांबला आणि आकडा वाढवला. मला तेव्हाही बोलता आलं नाही. त्याने पुन्हा वाढवला. “बाई फार पक्की आहे तुमची,” तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. नवरा अजून ती गोष्ट सगळ्यांना सांगतो. गप्प राहण्याचे मला पैसे मिळाले ते तेव्हा पहिल्यांदा.

सहा विकले. गोटेवाला आणि वाकड्या पायाची मादी मी ठेवली. गोटेवाल्याला विकणं माझ्याने झालं नसतं, आणि तिला कोणी घेतलं नसतं. जसे पैसे येत गेले तसे मी नवऱ्याबरोबर वरठीला पाठवत गेले. नणंद दर वेळी निरोप पाठवायची की घाई नाही. पण मला ठाऊक होतं, ती अजून शेजारणीकडेच बसत होती. दोन पिल्लं मेली होती आणि दोन ठेवली होती, त्यामुळे थोडे पैसे राहूनच गेले. ते कुठून आणायचे याचा विचार मी पावसाळाभर केला. नवरा म्हणाला, मी देतो. मी नको म्हटलं. माझे पैसे पिल्लांमधूनच यायला पाहिजे होते.

पुढच्या थंडीत वाकड्या पायाच्या मादीने अंडी घातली. पहिलं अंडं सापडलं तेव्हा सासूने ते दोन्ही हातांत धरून सगळ्या शेजारणींना दाखवलं. मादी बसली, पिल्लं निघाली, आणि या वेळी मी पहिल्याच दिवसापासून दूब, कोंढा आणि लाखोरी दिली. एकही बसलं नाही. काही पिल्लं लहान असतानाच लोकांनी नेली. आणि राहिलेला आकडा पूर्ण झाला.

ते पैसे मी नवऱ्याकडे दिले नाहीत. स्वतः बसने वरठीला गेले. नणंद दारातच भेटली. मी पैसे पुढे केले आणि म्हटलं, मोजा. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, मोजाच. तिने ओट्यावर बसून मोजले, आधीचे कागदावर लिहिलेले नव्हते तरी तिच्या तोंडपाठ होते. सगळे मिळवून पाहिले. मग गंभीर चेहरा करून म्हणाली, “आणि व्याज?”

मी तिचे हसणारे डोळे पाहिले, आणि पिशवीतून जुन्या ओढणीत गुंडाळून आणलेलं राजहंसाचं अंडं काढून तिच्या हातात दिलं. ते तिच्या मुठीत मावलं नाही.

दुपारी आम्ही दोघी भंडाऱ्याला गेलो. दुकानात तिने पायडलची मशीन निवडली, स्टुलावर बसली आणि सुई न लावताच पाय मारून पाहिला. चाक फिरलं. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि दुकानदाराला नोटा मोजून दिल्या. त्यात वरच्या नोटा माझ्या होत्या, मी घडीवरून ओळखल्या. तिचे पैसे माझ्याकडून पुरते फिटले.